एक्क्याची फी

लालबाग, १४ जून

जेनेल,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते उघडणार नाहीस, म्हणून पत्ता ऑफिसातल्या वैभवकडून लिहून घेतलाय. फसवणूक म्हण हवं तर. तुझा पत्ता तुझ्या पर्पेच्युआ आंटीने दिला. गिरगावात दुसऱ्याच कामाला गेले होते, पण तुमच्या वाडीच्या तोंडाशी आले आणि पाय वळले. आंटीने आधी चहा दिला, मग शिव्या. "भांडलात तुम्ही दोघी. माझ्या घरी यायचं तू का बंद केलंस? मी काय केलं तुझं?" मी अजून एक कप मागितला. जव्हारला तू आता काम करतेस त्या वसतिगृहात फोनला रेंजच नसते, असं ती म्हणाली. मी इतके दिवस समजत होते की तू मला ब्लॉक केलंयस. दोन्ही खरं असेल.

तुला परत बोलवायला मी लिहीत नाहीये, हे आधीच सांगून ठेवते. "रुपाली, तू दुःखाचं दुकान मांडतेयस" असं म्हणून तू आपल्या ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवलीस, ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. पण इथे असं काही सुरू झालंय की माझ्या पोटात मावत नाही. आईला सांगायला गेले तर म्हणते, आधी जेव. वैभवला सांगितलं तर म्हणतो, "ओके ताई." मला वाद घालणारं माणूस हवंय, आणि माझ्या ओळखीत त्या कामाला तुझ्याइतकं लायक कोणी नाही.

तर ऐक. मी दरपत्रक लावलं. हो, तेच, ज्याच्यावरून आपलं फाटलं. लैंगिक छळ रोखायचे आपले वर्ग आता ऐपतीप्रमाणे फी घेऊन होतात. तीन पायऱ्या आहेत. ज्यांच्याकडे भरपूर आहे त्यांना पूर्ण दर, बेताचं आहे त्यांना अर्धा, आणि नाही त्यांना सवलतीचा, म्हणजे जवळपास नावापुरता. वर्ग मात्र सगळ्यांना एकच. तोच वैभव, तीच मी, तेवढाच वेळ. नको तिथे हात लागला तर काय करायचं, दुसऱ्याला लागताना दिसला तर काय करायचं, आणि कोणी येऊन सांगितलं तर तोंड बंद ठेवून ऐकायचं कसं. देणगीदारांनी हात आखडता घेतल्यावर मला दुसरा रस्ता नव्हता. आणि फुकटच्या वर्गांत काय व्हायचं ते तू विसरली नसशील. वडापाव येईपर्यंत सगळे शहाण्यासारखे बसायचे आणि वडापाव आला की खोली रिकामी व्हायची.

आता मुख्य गोष्ट. आमच्या शेजारच्या मीरावहिनींची श्रेया आठवते? आपल्या अगदी पहिल्या वर्गाला मागे बसून खिदळत होती ती. आता वीस वर्षांची आहे, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, आणि आमच्या चाळीतल्या मुलींच्या गोविंदा पथकाची एक्का. सगळ्या थरांच्या वर एकटी उभी राहते ती. राहायची, म्हणायला हवं. गेल्या वर्षी सरावात वरून उतरताना खाली झेलायला उभ्या असलेल्यांपैकी एकाने तिला नको तसं धरलं. चुकून नाही, आणि एकदाच नाही. तिने सांगितलं तेव्हा मोठी माणसं म्हणाली, "थरात होतं असं. हात कुठे लागेल ते सांगता येतं का?" त्या माणसाला पुढे गुपचूप काढून टाकलं, पण का काढलं ते कोणी मोठ्याने बोललं नाही. मग मुली एकेक करून यायच्या बंद झाल्या.

यंदा मीरावहिनींनी सगळ्या आयांना गॅलरीत जमवलं आणि मंडळाला निरोप धाडला. सरावाला भोवती उभा राहणारा प्रत्येक बाप्या आधी रुपालीच्या वर्गाला बसेल, मगच आमच्या मुली जिना उतरतील, नाहीतर मुलींचं पथक विसरा. श्रेया मला जिन्यात भेटली. म्हणाली, "मावशी, पुढच्या वर्षी नोकरी लागली की कोण सोडतंय सरावाला? यंदा नाही चढले तर संपलंच समज."

प्रत्येक बाप्या, जेनेल. आपण दोघी हेच मागत वस्तीवस्तीत फिरलो आणि लोक आपल्याला सतरंजीसुद्धा द्यायचे नाहीत. आज आया स्वतःहून मागतायत. मला आनंदाने घास उतरत नाहीये, आणि ते सांगायला मी पोस्टाची तिकिटं शोधत बसलेय.

रुपाली


लालबाग, २५ जून

जेनेल,

पाकीट परत आलं नाही, म्हणजे तू ते उघडलंस असं मी धरून चालते.

हसू नकोस. मंडळाने सवलत नाकारली.

गुणाजीकाका आमच्या मंडळाचे अध्यक्ष. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मंडळ हाच त्यांचा संसार आहे. मी दरपत्रक घेऊन मंडळाच्या खोलीत गेले, पंख्याला काठीने ढकलून सुरू केलं, आणि तिसऱ्या पायरीवर बोट ठेवलं.

"हे काय? सवलत?"

"तुमच्यासाठीच आहे, काका."

त्यांनी चष्मा काढला. "रुपाली, दर जूनला आपलं मंडळ पोरांना वह्या वाटतं. वाटतं. रांगेत उभं राहून घेत नाही. उद्या बाजूचे मंडळवाले काय म्हणतील? पोरींच्या अब्रूचा प्रश्न आला आणि ह्यांनी सवलत मागितली?"

आणि खिशातलं पेन काढून पूर्ण दरावर खूण केली. जो दर मी मोठ्या कंपन्यांसाठी ठेवला होता, त्यावर. मी म्हटलं, निदान अर्धा तरी घ्या. तर म्हणाले, "अर्धा काय म्हणून? मंडळ अर्धं आहे का?"

पैसे कुठून आणणार, या प्रश्नाला त्यांचं उत्तर तयार होतं. वर्गणी. गणपतीला काढतात तशी घरोघर, आणि खाली फळ्यावर नावं लिहायची. तो फळा तू पाहिलायस. जास्त देणारा वर, कमी देणारा खाली, आणि न देणाऱ्याचं नाव नसतं पण ते सगळ्यांना दिसतं. दोघं कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन निघाले आणि त्यांच्या अक्कलहुशारीने पहिलं दार कोणाचं वाजवलं असेल? मीरावहिनींचं.

मीरावहिनींच्या हातात लाटणं होतं. त्या रागावल्या की थेट मालवणीत उतरतात. "बापयांका हात आवरूक शिकवतलात, आणि त्येची पावती मी फाडूची? ह्यो खंयचो न्याय?" दार असं आपटलं की आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर पडलं. संध्याकाळपर्यंत मजल्यावरची सगळी दारं बंद झाली होती.

म्हणजे आता चित्र असं आहे. कमी दर मंडळाला चालत नाही, जास्त दर मंडळाला झेपत नाही, आया पैसे देणार नाहीत आणि वर्ग झाल्याशिवाय मुली खाली येणार नाहीत. सगळ्यांचं म्हणणं बरोबर आहे आणि मध्ये श्रेया लटकलीय. मी सगळ्यांवर एकेकदा ओरडून झालेय, काही उपयोग झाला नाही.

तरी खरं सांगू? मजा येतेय. कित्येक वर्षांत आपल्या वर्गावरून चाळीत एवढं भांडण झालं नव्हतं. पूर्वी तर लोक आपल्याला बघून नळावर पाणी भरायला निघून जायचे.

रुपाली


लालबाग, ६ जुलै

जेनेल,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या काळाने एक ओळ, आणि तीही काय, तर "मग फुकट घे. कोणी अडवलंय?" खाली नाव नाही, काही नाही. मी ते ऑफिसच्या कपाटावर चिकटवलंय. वैभव म्हणाला, "ताई, हे रागाचं आहे ना?" मी म्हटलं, तुला नाही कळणार.

तुझ्या ओळीचा मान ठेवून मी गुणाजीकाकांना फुकटचं विचारून पाहिलं. ते जास्तच भडकले. "फुकट? म्हणजे डासांचा धूर मारतात तसं? गाडी येते, धूर सोडते, आम्ही खिडक्या लावून घेतो." मग जरा शांत होऊन म्हणाले, "हे बघ, फुकट म्हटलं की मी बॅनर लावीन, फोटो काढीन, आणि ज्यांना काही काम नाही तेवढे येऊन बसतील. ह्या बायांना सगळे हवेत. सगळे आणायचे तर मला त्यांना सांगता आलं पाहिजे की मंडळाने पैसे मोजलेत, दांडी मारायची नाही." आता यावर तू मला जव्हारहून काय उत्तर देणार आहेस ते कळव. मला तर त्यांचं पटलं.

आणि दुसऱ्या टोकाची गंमत ऐक. परळला जुन्या गिरणीच्या जागेवर काचेच्या बिल्डिंगी झाल्यात ना, तिथल्या एका कंपनीने वर्गासाठी विचारणा केली होती. नील म्हणून एक तरुण मुलगा आहे तिथे, माणसांचं खातं बघतो. अत्यंत गोड बोलतो. मला कॉफी दिली, तिच्या फेसावर पान काढलेलं होतं. मग म्हणाला, "मॅम, आम्ही तुमच्या थर्ड कॅटेगरीत येतो. आमचं हे युनिट अजून प्रॉफिटमध्ये नाहीये."

त्यांच्या लॉबीत धबधबा आहे, जेनेल. खराखुरा, पाण्याचा. ज्यांच्या लॉबीत धबधबा आहे त्यांना सवलत हवीय, आणि ज्यांचा पंखा काठीशिवाय फिरत नाही त्यांना पूर्ण दर द्यायचाय. अशी उलटी गंगा मी जन्मात पाहिली नव्हती. मी कॉफी संपवली आणि "कळवते" म्हणून उठले. खाली फुटपाथवर येऊन एकटीच हसत सुटले. तू असतीस तर तिथेच त्याच्याशी भांडली असतीस आणि मला तुला ओढत बाहेर आणावं लागलं असतं.

गुरुवारी गुरुपौर्णिमा. त्या दिवशी सगळीकडे सरावाचा नारळ फुटतो. मुलगे सुरू करतील आणि मुली गॅलरीतून बघत राहतील. मला घाई झालीय आणि डोक्यात काही येत नाहीये.

रुपाली


लालबाग, १२ जुलै

जेनेल, जमलं. जमलं बाई, जमलं.

नीट सांगते. गुरुपौर्णिमेला नारळ फुटला, आमच्या गल्लीत मुलांचा सराव सुरू झाला. मी गॅलरीत उभी होते. शेजारी श्रेया. खाली मुलं एकेक थर चढवत होती आणि ही इथे कठडा धरून, प्रत्येक थराला हिचे गुडघे वाकत होते, टाचा उचलल्या जात होत्या. तिला स्वतःला ते कळत नव्हतं. मला इतका संताप आला की मी पायात चपला न घालता खाली उतरले.

गुणाजीकाका मध्ये उभे राहून ओरडत होते, "तळ धरा रे, तळ धरा." वर एक काडीपैलवान एक्का चढला होता.

मी म्हटलं, "काका, तो वर गेलाय त्याचं वजन किती असेल?"

"असेल चाळीस-पंचेचाळीस किलो. का?"

"आणि तळात उभे आहेत त्यांचं?"

"ते रेडे आहेत. तू आत्ता नको डोकं खाऊ."

"मग तो वरचा सवलतीत चढलाय का? त्याच्या अंगावर काहीच भार नाही. तळातले सगळा भार घेतायत. तुमच्या हिशोबाने त्याला लाज वाटायला हवी."

काका माझ्याकडे वळले. "काहीतरी बरळू नकोस. तो एक्का आहे. तो वर जावा म्हणून तर हे सगळे खाली उभे आहेत."

हे ते बोलले आणि मला हवं ते सापडलं. मी तशीच वर पळाले. दरपत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर माणसांचे थर काढले. माझी चित्रकला तुला माहीत आहे, बटाट्यांची रास वाटत होती. खाली तळाचा थर, ज्यांचे खांदे मजबूत आहेत ते, फी सगळ्यात जास्त. मध्ये मधले. आणि वर एकटा एक्का, सगळ्यात हलका, फी नावापुरती. सवलत हा शब्द कुठेच नाही. सराव संपल्यावर काकांच्या हातात कागद ठेवला.

त्यांनी चष्मा लावून चित्रावर खालून वर बोट फिरवलं. "तळाला कोण आहे?"

"परळची ती काचेची बिल्डिंग. अजून विचारलं नाही, पण त्यांनाच उभं करणार."

"ते काचेतले लोक आमच्या खाली? आणि आम्ही त्यांच्या खांद्यावर?"

"हो."

काका असे हसले की त्यांना ठसका लागला. कोणीतरी पाणी आणलं. मग पेन काढून एक्क्यावर खूण केली आणि म्हणाले, वर्गणी रद्द, पैसे मुलांच्या गेल्या वर्षीच्या बक्षिसातून जातील. मीरावहिनींना गॅलरीत उभं राहून हे ओरडून सांगितलं. त्या म्हणाल्या, "ह्या बरा." चाळीतलं हे सर्वोच्च न्यायालय आहे, वर अपील नाही.

तू म्हणशील, नुसती नावं बदललीस. नाही गं. पायऱ्यांवर प्रत्येक जण एकटा उभा होता आणि आपल्याला कोण बघतंय एवढंच पाहत होता. थरात उभं राहिलं की आपण कोणाच्या खांद्यावर आहोत आणि आपल्या खांद्यावर कोण आहे, ते कळतं. तुझा तेव्हाचा मुद्दा, की पैशाचं नाव काढलं की माणूस लहान होतो, तो मला या गोंधळातच नीट कळला. फक्त त्याच्यावरचा तुझा उपाय मला अजून मान्य नाही.

काल नीलकडे गेले. चित्र पाहून तो गोंधळला. "तळाला? मॅम, आम्ही आमच्या सेक्टरमध्ये टॉप फाइव्हला आहोत."

"मग खांदे मजबूतच असतील तुमचे," मी म्हटलं. "हे लालबागचं एक पथक आहे. त्यांच्या मुली यंदा चढणार की नाही, ते तळ किती धरतो त्यावर आहे."

त्याने चित्राचा फोटो काढला. मग दबक्या आवाजात म्हणाला, "रिपोर्टमध्ये याला आम्ही फाउंडेशन पार्टनर म्हटलं तर चालेल?"

म्हण बाबा. पायाचा दगड म्हण, जोतं म्हण, काय हवं ते म्हण. त्याने पूर्ण दराला सही केली, आणि जाताना विचारलं, गोपाळकाल्याला बघायला आलो तर चालेल का. मी म्हटलं, जुने कपडे घालून ये.

रुपाली


लालबाग, २७ जुलै

जेनेल,

आज वर्ग झाला. घाईत लिहितेय, अक्षर समजून घे.

मंडळाच्या हॉलमध्ये सतरंज्या घातल्या होत्या. गुणाजीकाका दारात उभे राहून एकेकाला आत ढकलत होते. एक जण लग्नाला जायचंय म्हणाला, त्याला लग्नाच्या कपड्यांत बसवला. मीरावहिनी बाहेर पायरीवर भाजी निवडत बसल्या होत्या आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बघून घेत होत्या. सगळे आत गेल्यावर काका म्हणाले, "झाले सगळे. घ्या दार लावून."

"आणि तुम्ही?" वहिनी म्हणाल्या.

"मी अध्यक्ष आहे."

"सरावाक भोवती उभे रवतास मां तुमी?"

काकांनी चपला काढल्या आणि सगळ्यांत पुढे येऊन बसले. मांडी घालताना गुडघा वाजला तो मागेपर्यंत ऐकू गेला.

वैभवने सुरुवात केली. तू त्याला घडवलंस, तू त्याला पाहायला हवं होतंस. निलेश म्हणून त्यांचा प्रशिक्षक आहे, त्याने पहिल्या पाच मिनिटांतच हात वर केला. "भावा, चढताना विचारत बसलो ना, पाय ठेवू का, हात लावू का, तर तोवर दुसरं पथक येऊन हंडी फोडून जाईल." सगळा हॉल हसला. वैभवही हसला. मग म्हणाला, "बरोबर. म्हणजे तोंडाने नाही जमणार. मग न बोलता कसं विचारायचं?"

आणि त्यानंतर आम्हाला काही करावंच लागलं नाही. सगळे उठले. एकमेकांच्या खांद्यावर चढून दाखवू लागले, भांडू लागले. शेवटी त्यांनीच ठरवलं. चढताना आणि उतरताना दोनदा थोपटायचं, म्हणजे विचारलं. खालच्याने एकदा थोपटलं, म्हणजे हो. झेलणाऱ्यांनी हात वर ठेवायचे, पण थोपटल्याशिवाय लावायचे नाहीत. पडत असेल तर मात्र विचारायचं नाही, धरायचं. निलेशने हे इतक्यांदा करून घेतलं की वैभव खाली बसून पाणी प्यायला.

मग एक गोष्ट झाली. नाव लिहीत नाही, आपला नियम तुला माहीत आहे. एक जण, चांगला दणकट, तळात उभा राहणारा, एकदम म्हणाला, "मी लहानपणी एक्का होतो. मला उतरवायला दरवेळी एकच माणूस पुढे यायचा. मी मुद्दाम दुसऱ्या बाजूला पडायचो, म्हणजे दुसरं कोणी झेलेल." एवढंच. आणि मान खाली घातली.

 श्रेयाला "थरात होतं असं" म्हणणारे तिथेच बसले होते. गुणाजीकाका उठले, त्याच्या शेजारी जाऊन बसले. हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. म्हणाले, "हात ठेवू?" त्याने मान हलवली, तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. वर्ग संपल्यावर वैभव त्याच्याशी बराच वेळ बोलला आणि पुढे कोणाकडे जायचं तेही सांगितलं. मग काका बाहेर आले आणि पायरीवरच्या मीरावहिनींना म्हणाले, "गेल्या वर्षी मी चुकलो. पोरीला पाठवा, तिलाही सांगतो." वहिनींनी भाजीची परात उचलली आणि वर गेल्या. थोड्या वेळाने श्रेया खाली आली.

उद्यापासून मुलींचा सराव. गल्लीत आत्ताच मुली कमरेला पट्टे बांधून पळतायत, उद्यापर्यंत कोणाला धीर नाही.

तू इथे असायला हवी होतीस. हे मी लिहिणार नव्हते, पण लिहिलं गेलं, आता खोडत नाही.

रुपाली


लालबाग, १७ ऑगस्ट

जेनेल,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. पत्र, कार्ड नाही. दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. मी ते पर्पेच्युआ आंटीला वाचून दाखवलं, तिने चष्मा असूनही दोनदा वाचायला लावलं. वसतिगृहातल्या स्वयंपाकी, पहारेकरी, ड्रायव्हर, अधीक्षक अशा सगळ्यांसाठी वर्ग हवा म्हणतेस आणि विचारतेस, आम्ही कुठल्या थरात? तुम्ही एक्का. तळाला नील आहे, आणि आता दादरची अजून एक कंपनी त्याच्या शेजारी उभी राहतेय. गणपती झाले की मी आणि वैभव येतो. आंटी पण येणार म्हणते, तिला थांबवणं माझ्या हातात नाही. दुकानाचा वाद तेव्हा समोरासमोर घालू. मी मुद्दे काढून ठेवलेत, तूही काढ.

आता कालचं.

मुलींचं पथक आमच्याच नाक्यावर पहिली सलामी देणार होतं. पाच थर. हेल्मेटं, पट्टे, निळे टीशर्ट, तोंडावर पाण्याचे फवारे. नील आला होता, पांढरे बूट घालून. त्याला पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी बादलीभर पाण्याने न्हाऊ घातलं आणि नंतर तो ओरडणाऱ्यांत सगळ्यांत पुढे होता. बायका गॅलऱ्यांत. मीरावहिनी मात्र वर नव्हत्या. पदर खोचून त्या खाली आल्या आणि तळाला बाहेरून टेकू देणाऱ्या बायकांच्या कड्यात जाऊन उभ्या राहिल्या. निलेश म्हणाला, "काकी, सराव नाही तुम्हाला." त्या म्हणाल्या, "माजा चेडू वर जातला, आणि मी गॅलरीत रवू?" त्याने त्यांना हात कुठे टेकवायचे ते दाखवलं.

थर लागले. डीजे एवढा की स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. मुली चढत होत्या आणि प्रत्येक खांद्याशी दोन थापा, एक थाप. श्रेया शेवटी निघाली. वर पोचली, डगमगली, सावरली, दोन्ही हात जोडून गल्लीला सलामी दिली. मी रडले ते लिहीत नाही, तुला माहीत आहे मी कशी रडते. हंडी आमची नव्हतीच, ती नंतर दुसऱ्या पथकाने फोडली, त्याचं कोणाला काही वाटलं नाही.

मला भीती उतरण्याची होती. सगळ्या गल्लीला तीच होती. एकेक थर उतरत श्रेया तळाच्या मुलींच्या खांद्यावर येऊन बसली, पाय सोडले. भोवती झेलणारे सगळे हात वर गेले, निलेशचे, त्या लग्नाला जाणाऱ्याचे, गुणाजीकाकांचे. सगळे वर, आणि सगळे तिच्यापासून वीतभर लांब. एकही पुढे आला नाही. तिने निलेशच्या हातावर दोनदा थोपटलं. त्याने एकदा थोपटलं. मग ती त्याच्या हातात उतरली, तिथून पुढच्याच्या, प्रत्येक ठिकाणी थांबून, थोपटून. तिला कसलीच घाई नव्हती, आणि तेवढा वेळ ते सगळे बाप्ये हात वर धरून उभे होते.

जमिनीवर पाय टेकल्यावर ती आधी आईला बिलगली, मग धावत माझ्याकडे आली. नखशिखांत भिजलेली, हेल्मेट तिरकं झालेलं. मी विचारलं, कसं वाटलं गं वर? ती म्हणाली, "मावशी, वरचं सोड. उतरताना मी नेहमी डोळे मिटून घ्यायचे. आज उघडे ठेवले."

तुझी,
रुपाली